जमुनाबाईंचा एकटीचा फोटो

दर्यापुरात कोणी गेलं की पहिला निरोप नातेवाइकांना जातो, दुसरा लाकडांच्या वखारीत आणि तिसरा चंद्रभान इंगळ्याच्या फोटो स्टुडिओत. बसस्टँडसमोरच्या गल्लीत, खताच्या दुकानाला लागून, दहा बाय बाराची ती जागा. घरातलं एखादं जाणतं माणूस पायरीवर चपला काढून आत यायचं आणि नाव, गाव, साल सांगायचं. "येवद्याचे आमचे मामाजी. मोठीच्या लग्नातला असन फोटो." चंद्रभान मान हलवायचा, चष्मा पुसायचा, कॉम्प्युटरवर दोन-चार ठिकाणी टिचक्या मारायचा आणि मामाजी पडद्यावर यायचे. फेट्यासकट, एकटे, सरळ समोर बघणारे. बघणाऱ्याच्या डोळ्यांत तिथंच पाणी यायचं.

"चंद्रभानकडे मेलेला माणूस सापडते," असं आजूबाजूच्या गावांत म्हणत. चंद्रभानला ते ऐकायला फार आवडायचं. कोणी म्हणालं की तो ऐकू न आल्यासारखं करायचा आणि समोरच्याला दुसऱ्यांदा बोलायला लावायचा.

या कामाची सुरुवात झाली ती एका फजितीतून. रोलचा जमाना होता, चंद्रभान ऐन पंचविशीत. गावातले खुशालराव गेले आणि तेरवीसाठी फोटो मोठा करून द्यायचं काम त्याच्याकडे आलं. खुशालरावांचा आयुष्यातला एकच फोटो होता, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. त्यात त्यांच्या खांद्यावर उत्तमरावांचा हात होता. या उत्तमरावांशी खुशालरावांचं वीस वर्षं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टात चाललं होतं. लग्नघरी कोणीतरी दोघांना बळेच जवळ उभं केलं होतं, तेवढंच. चंद्रभाननं उत्तमरावांना कापलं, पण हात कापता येईना. हात कापावा तर खांदा जातो. शेवटी अंगठीसकट हात खांद्यावरच राहिला आणि फोटो भिंतीवर गेला. खुशालरावांची बायको चतुराबाई तो बघून रडता रडता थांबली आणि म्हणाली, "जिवंतपणी याचा हात आमच्या धुऱ्यावर होता. आता खांद्यावर आणून ठेवला का रे, मेल्या?"

पुढं कितीतरी वर्षं त्या घरात लग्न-बारशाला गेलं की तो हात चंद्रभानला दिसायचा. त्यानं तेव्हाच कानाला खडा लावला. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात तो प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला बाजूला घ्यायचा आणि एकट्याचा एक फोटो काढायचा. कोणी सांगितलेला नसायचा, बिलातही यायचा नाही. "काका, उजेड पाहून राहिलो, जरा इथं उभे राहा बरं," एवढंच म्हणायचा. काका उभे राहायचे, उजेड बघून व्हायचा आणि काका जेवायला जायचे.

त्याचा दुसरा नियम असा, की हा फोटो माणूस जिवंत असेतो कोणाला द्यायचा नाही. आपल्याकडे जित्या माणसाचा एकट्याचा मोठा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. लावला तर येणारा-जाणारा हार शोधतो. सुरुवातीला एकदा त्यानं हौसेनं एका आजोबांना त्यांचा फोटो नेऊन दिला होता. आजोबांनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "काहून रे चंद्रभान, घाई झाली का तुले?" म्हणून हे फोटो अल्बममध्ये जात नसत आणि गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्येही जात नसत. ते फक्त चंद्रभानकडे असत. एकच प्रत, एकाच माणसापाशी. त्याला यात मोठेपणा वाटायचा. यातच सगळी गोम आहे, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

रोल गेले, डिजिटल कॅमेरा आला. कॉम्प्युटरवर त्यानं 'म्हातारे' नावाचा फोल्डर उघडला. त्याची मुलगी आकांक्षा तेव्हा शाळेत होती. तिनं नाक मुरडलं आणि ते नाव खोडून 'ज्येष्ठ' असं टाइप केलं. पंधरा वर्षांत त्या फोल्डरमध्ये सात हजारांवर चेहरे जमले. ते सगळे एका काळ्या हार्डडिस्कवर होते. ती हार्डडिस्क शालूच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या खणात गुंडाळून तो बॅगेत घालून फिरायचा.

आकांक्षाचं लग्न अकोल्याच्या अढाऊंच्या घरात झालं. मुलगा अंकुर. वडील लहानपणीच गेलेले, आई जमुनाबाईंनी शिवणकाम करून वाढवलेला. लग्नात दुसरा फोटोग्राफर लावला होता, पण चंद्रभानला कुठला धीर? मुलीचा बाप म्हणून कोट घातलेला आणि त्या कोटावर गळ्यात कॅमेरा. जमुनाबाईंना फोटोचं वावडं होतं. त्यांचे पुढचे दात जरा पुढं होते, म्हणून कॅमेरा दिसला की त्या तोंडावर पदर धरायच्या, नाहीतर कुणाच्या तरी मागं जाऊन उभ्या राहायच्या. साठी गाठली, पण एकटीचा धड फोटो नव्हता. आधारकार्डावरचा सोडला तर, आणि तो पाहून अंकुरसुद्धा "हे कोण?" म्हणायचा.

चंद्रभाननं त्यांना मांडवाच्या खांबाजवळ गाठलं. उजेड पाहायची थाप त्यांच्यापुढं चालली नाही. "मले माईत हाय तुमचा उजेड," त्या पदराआडून म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडं अंकुर एका पायात बूट घालून मेहुण्यांच्या मागं धावताना दिसला. दुसरा बूट पळवला गेला होता. "पाहा विहीणबाई, तुमचा नवरदेव लंगडी खेळून राहिला," चंद्रभान म्हणाला. जमुनाबाईंनी वळून बघितलं, पदर सुटला आणि त्या खदखदून हसल्या. दात, डोळे, कपाळावरचं गोंदण, सगळं हसलं. चंद्रभाननं तेवढ्यात बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर त्यानं त्यांना तो दाखवला. जमुनाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी गेल्यावर हाच लावजा. दुसरा नका लावू." चंद्रभाननं हसण्यावारी नेलं, पण मनात गाठ मारून ठेवली. आयुष्यात त्यानं काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. नियमाप्रमाणे तो 'ज्येष्ठ'मध्ये गेला आणि त्यानं तो ना आकांक्षाला दिला, ना अंकुरला.

दीड वर्षानं आकांक्षा दिवाळीला माहेरी आली. अकोल्यात एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर काम करायची, पगार बरा होता. तिनं बापापुढं एक डबी ठेवली. डबीत काडेपेटीएवढी एक चपटी वस्तू होती.

"बाबा, एसएसडी हाय. तुमच्या हार्डडिस्कमंधी आतून तबकडी फिरते, याच्यात फिरणारं काईच नाई. सहजासहजी बिघडत नाई, पडलं तरी चालते. तुमचं सारं याच्यात मावते. मी जायच्या आंधी कापी करून देतो."

चंद्रभाननं डबी हातात घेतली. वजन नसल्यासारखी होती. त्याला ती आवडली. आवडली म्हणूनच त्यानं घाईघाईनं खाली ठेवली.

"लेकीचं घेत नसतात," तो म्हणाला.

इंगळ्यांच्या घरची ही रीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. चंद्रभानचे वडील मूर्तिजापूरला आपल्या मुलीकडे जायचे, तेव्हा दर्यापूरहून फिरकीच्या तांब्यात पाणी भरून न्यायचे. आमचा खारपाणपट्टा, इथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पण म्हातारा मुलीच्या ओसरीवर बसून घरचं खारट पाणी मिटक्या मारत प्यायचा आणि मुलगी आत डोळे पुसायची. चंद्रभानला हे सगळं आठवत होतं. त्याला ते बापाचा ताठपणा म्हणून आठवत होतं. बहिणीचे डोळे आठवत नव्हते.

"घ्या ना, पोरीनं हौसेनं आनलं," शालू म्हणाली.

"मी माह्यावालं घेनारच हाय. पाहून राहिलो ना कोनतं घ्याव त."

जाताना आकांक्षानं डबी परत नेली नाही. चंद्रभाननं ती कपाटात ठेवली, पुढच्या खेपेला परत करायची म्हणून. तिच्यावरचं पारदर्शक वेष्टणही फाडलं नाही.

चार दिवसांनी जमुनाबाईंचा फोन आला. "भाऊ, लेकीचं नका समजू. माह्याकडचं समजा अन् ठेवून घ्या."

"विहीणबाई, तुमच्याकडचं त अजूनच नाई घेता येत. आमी लेक देल्ली, आता वरून डबी घेऊ का?"

जमुनाबाई हसल्या. "पाहा बाप्पा. माहा बी फोटो हाय तुमच्यापाशी. सांभाळजा म्हनजे झालं."

"त्याची कायजी नका करू," चंद्रभान म्हणाला.

आता 'पाहून राहिलो' म्हटलं म्हणजे काहीतरी पाहणं आलं. चंद्रभाननं एका जाड लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि तुलना मांडली. हे काम त्यानं मन लावून केलं, त्यात खोट नाही. मेमरी कार्डापुढं लिहिलं: फार लहान. अख्खं लग्न नखाएवढ्या वस्तूत, एकदा धुवायच्या शर्टात सापडलं होतं. धुऊनही चालू होतं, हे त्यानं कंसात लिहिलं, कारण माणूस खरा होता. पेनड्राइव्हपुढं लिहिलं: धर्मशाळा, आज लग्न, उद्या गाणी. ते खरंच होतं. गिऱ्हाइकांना दिलेले निम्मे पेनड्राइव्ह लग्न पुसून, गाणी भरून ट्रॅक्टरला लागले होते. डीव्हीडीपुढं लिहिलं: कूलर. कारण उन्हाळ्यात खोलीत कूलर चालतो, त्याच्या ओलीनं जुन्या डीव्हीड्यांवर बुरशीचे ठिपके पडले होते, आणि आता नव्या लॅपटॉपला ती घालायला फटही नसते. इंटरनेटवर ठेवायच्या जागेपुढं लिहिलं: एक लग्न चढवायला दोन दिवस, दर महिन्याला भाडं, आणि मी मेल्यावर पासवर्ड कोणाला माहीत? अमरावतीच्या एका फोटोग्राफरकडे त्यानं एक यंत्र पाहिलं होतं. त्यात कार्ड घातलं की कॉम्प्युटरशिवायच फोटो उतरतात. त्यापुढं लिहिलं: छान, पण बॅटरी सप्तपदीलाच संपली. हार्डडिस्कपुढं लिहिलं: जागा भरपूर, स्वस्त, आत तबकडी फिरते, सध्या चालू आहे.

राहिली एसएसडी. तिच्यापुढं त्याचं पेन अडलं. दोष काही सापडेना. शेवटी त्यानं लिहिलं: महाग.

ती कपाटात होती. पैसे देऊन झालेली, त्याच्या नावानं आलेली. तरी त्यानं महाग लिहिलं.

ती पत्रिका टेबलावरच्या काचेखाली सहा महिने होती. आकांक्षा फोनवर विचारायची, "घेतलं का बाबा?" तो म्हणायचा, "पाहून राहिलो." खरं तर पाहायचं कधीच संपलं होतं. मुलीचं नको म्हणून बसायला त्याला एक सभ्य कारण हवं होतं, आणि त्या रेघा मारलेल्या पत्रिकेनं ते दिलं.

मग मे महिना आला. लग्नांचा कळस, पारा शेहेचाळीसवर. दुपारचे तीन वाजले होते. चंद्रभान हार्डडिस्क लावून एका लग्नाचे फोटो उतरवत होता आणि लाइट गेली. तो इन्व्हर्टरचं बटण बघायला उठला. पायात वायर अडकली, खणासकट हार्डडिस्क टेबलावरून सरकली आणि फरशीवर पडली. आवाज मोठा झाला नाही. त्यानं उचलली, कानाशी धरली, लाइट आल्यावर पुन्हा लावली. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि थांबला. पडद्यावर काही उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो अमरावतीला गेला. राजकमल चौकाच्या मागं विपुल नावाचा पोरगा अशी दुरुस्ती करतो, हाताचा चांगला. त्यानं डिस्क कानाशी धरली आणि चंद्रभानकडे बघितलंच नाही.

"काका, आतली तबकडी खरवडली. मी उघडून अजून खराब नाई करत. मोठ्या शहरात धाडून पाहू, पन तुमाले खोटी आशा नाई दाखवत."

धाडली. महिन्यानं परत आली, जशी गेली तशी. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती. विपुलनं ती वाचून दाखवली आणि चहा सांगितला. चंद्रभाननं चहा तसाच ठेवला.

"दुसरी कापी कुठीच नोती का, काका?" विपुलनं विचारलं.

"पाहून राहिलो होतो," चंद्रभान म्हणाला.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. शालूला कळलं, पण तिलाही त्यानं गप्प राहायला लावलं. स्टुडिओत माणसं येतच होती. एक जण आईचा फोटो मागायला आला, तर चंद्रभाननं "काढून ठेवतो, सोमवारी या," म्हटलं. सोमवारी तो दुकानच बंद करून बसला. मग कोणीतरी मोबाइलमधला ओढाताण केलेला फोटो आणायचं आणि तो मुकाट्यानं मोठा करून द्यायचा. लोकांना वाटलं, म्हातारपण आलं, कामात लक्ष राहिलं नाही. त्यांना तसं वाटू देणं सोपं होतं.

या सगळ्यात एक दिवस असा होता, की त्याची आठवण झाली तर चंद्रभान आजही हातातलं काम थांबवतो. ऑगस्टमध्ये अकोल्याला जठारपेठेत एका बारशाचं काम होतं. काम उरकून तो गोरक्षण रोडला आकांक्षाकडे गेला. आकांक्षा-अंकुर दोघंही कामावर होते. जमुनाबाई एकट्याच होत्या. मशीन बाजूला सारून त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि आतून पाण्याचा, काठाला चेमटलेला पेला आणला.

"घ्या भाऊ. उन्हातून आले."

"नको विहीणबाई. तुमाले माईत हाय आमच्याकडचं."

"माईत हाय म्हनूनच आनला. म्हटलं, विसरले असान." त्या हसल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून असेल, पदर तोंडाशी गेला नाही. खिडकीतून ऊन त्यांच्या गालावर पडलं होतं. फोटोग्राफर जन्मभर ज्या उजेडाची थाप मारतो, तसा खराखुरा उजेड होता. कॅमेरा चंद्रभानच्या गळ्यात होता. बॅटरी भरलेली होती, कार्डात जागा होती. नुसता उचलायचा होता.

त्यानं उचलला नाही. उचलला असता तर त्या म्हणाल्या असत्या, "पहिला हाय ना तुमच्यापाशी?" मग खरं सांगावं लागलं असतं. वायर, फरशी, आणि कपाटातली ती डबी. अर्धा तास तो हवापाण्याचं बोलला. पेला तसाच भरलेला राहिला. "पुढच्या खेपेले येतो," म्हणून तो उठला. पुढच्या खेपेला सांगू, पुढच्या खेपेला दुसरा फोटो काढू, असं त्यानं बसमध्ये ठरवलंही.

जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी आकांक्षाचा फोन आला. जमुनाबाई पहाटे गेल्या होत्या. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. चंद्रभान आणि शालू म्हैसांगच्या रस्त्यानं अकोल्याला पोचले, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सगळं आटोपल्यावर, दुपार कलताना, आकांक्षा बापाजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले होते.

"बाबा, तो फोटो धाडजा. लग्नातला, हसतानाचा. तेरवीले लावाले. आई मले नेहमी म्हने, तुह्या बापापाशी हाय माहा एक, तो पाह्यशीन त मले ओळखनार नाई. मी तो कधी पाह्यलाच नाई."

चंद्रभाननं मुलीच्या तोंडाकडे बघितलं. अजूनही खोटं बोलता आलं असतं, सोमवारचा वायदा करता आला असता. पण तेरवीला तारीख असते.

"नाई तो," तो म्हणाला. "माह्या हातून गेला. मे महिन्यात डिस्क पडली. सारंच गेलं."

"अन् मी देल्लेलं ते?"

"कपाटात हाय. उघडलं नाई."

आकांक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोटांवर महिने मोजले. मे, जून, जुलै. मोजता मोजता ऑगस्टवर तिचं बोट थांबलं.

"ऑगस्टमंधी तुमी आलते ना आमच्याकडे? आई म्हने, कॅमेरा घेऊन आलते, अर्धा घंटा बसले."

"आलतो."

"मंग?"

चंद्रभान चष्मा काढून पुसू लागला. आकांक्षा उठून आत गेली आणि तेरवीपर्यंत बापाशी कामापुरतंच बोलली.

शोधाशोध झाली. अल्बममध्ये जमुनाबाई होत्या, पण कुठं पदराआड, कुठं कोणाच्या पाठीमागं. दुसऱ्या फोटोग्राफरकडेही तेच. शेवटी आकांक्षाच्या एका मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये एक सापडला. लग्न लागल्यावरचा, सात-आठ जणांचा घोळका. जमुनाबाई मधोमध, तोंड मिटून, कोणीतरी पकडून उभं केल्यासारख्या. तेवढाच एक, पदराशिवायचा. तो मोठा करायचं काम अर्थातच चंद्रभानकडे आलं.

दर्यापूरला येऊन त्यानं आधी कपाट उघडलं. डबीवरचं वेष्टण फाडलं, एसएसडी लावली. ती पूर्ण रिकामी होती. सात हजार चेहऱ्यांची जागा तिच्यात होती. त्यानं 'ज्येष्ठ' नावाचा फोल्डर केला आणि तो एकच फोटो त्यात ठेवला. मग कापायला बसला. डावीकडची माणसं गेली, उजवीकडची गेली. जमुनाबाई एकट्या राहिल्या आणि त्यांच्या खांद्यावर एक हात राहिला. मेंदी लावलेला, हिरव्या चुड्याचा. आकांक्षाचा.

आता काही रोलचा जमाना नव्हता. हात पुसणं दहा मिनिटांचं काम. त्यानं फोन लावला.

"आकांक्षा, तुहा हात आला हाय खांद्यावर. पुसून टाकू ना?"

पलीकडं ती खोलीचं दार लावून घेताना ऐकू आलं.

"नका पुसू," ती म्हणाली. "हसू त गेलंच. हात तरी राहू द्या."

तेरवीला फोटो पाटावर होता, झेंडूचा हार घातलेला. हारातून हिरवा चुडा दिसत होता. माणसं येत होती, फूल वाहत होती आणि त्या हाताशी जरा अडखळत होती. नवी मंडळी समजून घ्यायची, जुनी कुजबुजायची. जमुनाबाईंच्या माहेरची एक म्हातारी होती, काठी टेकत आलेली. ती काही कुजबुजणाऱ्यातली नव्हती.

"हा कोनाचा हात हाय वं? अन् जमुना अशी काहून उभी हाय, दात दुखल्यासारखी? तुहे सासरे त फोटोवाले हायत ना, अंकुर? मेलेला मानूस सापडते म्हनत त्यायच्याकडे."

अंकुर काहीतरी सावरून घ्यायला उठला. चंद्रभाननं त्याला हातानं बसवलं.

"सापडे, मावशी," तो म्हणाला. "जमुनाबाईचा हसतानाचा फोटो होता माह्यापाशी. हाच लावजा म्हने. तो मी घालवला. लेकीनं सांभाळाले वस्तू आनून देल्ली होती, लेकीचं घेत नाई म्हनून मी ती उघडलीच नाई. मंग त्या जित्या होत्या तरी दुसरा काढला नाई. शरम वाटे म्हनून."

म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघितलं. तिनं समजूत घातली नाही. "लय वाईट केलं बाप्पा," एवढंच म्हणाली आणि काठी टेकत फोटोपाशी जाऊन बसली. चंद्रभानला ते पटलं. इतक्या दिवसांत कोणीतरी बरोबर बोललं असं वाटलं.

थोड्या वेळानं आकांक्षा आतून आली. बापासमोर उभी राहिली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, तोच, ऑगस्टमधला, काठाला चेमटलेला. घ्या म्हणाली नाही, नका घेऊ म्हणाली नाही. चंद्रभाननं पेला घेतला आणि भरल्या ओसरीत, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. पाणी गोड होतं. नळाचं, धरणाचं, खारटपणाचा लवलेश नसलेलं. रीत मोडली म्हणून कोणी काही बोललं नाही. बऱ्याच जणांना ती रीत माहीतही नव्हती.

त्यानं रिकामा पेला परत दिला. पाण्यासाठी त्याला ज्यांनी आग्रह केला होता, त्या पाटावरच्या फोटोत तोंड मिटून उभ्या होत्या.